लिनक्स प्रणालीतील अवशिष्ट पॅकेजेस : निर्मूलनाची पद्धती व दक्षता

प्रस्तावना :

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असून तेथील संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांमुळे लिनक्स ही मुक्त स्रोत प्रणाली प्रयोगशाळांना अपरिचित राहिलेली नाही. अभ्यासक्रम बदलला की प्रयोगशाळेतील सॉफ्टवेअरही बदलते. जुने काढले जाते, नवे बसविले जाते. परंतु जुन्यासोबत आलेला परिवार मात्र बहुधा मागेच राहतो. या अवशिष्ट पॅकेजेसचे स्वरूप आणि ती काढताना घ्यावयाची दक्षता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन डेबियन या वितरणास अनुसरून आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेल्या डेबियनवर २००४ मध्ये अवतरलेले उबुंटू आणि सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेले 'बॉस' ही दोन्ही वितरणे आधारलेली असल्याने ते त्यांनाही लागू पडते. (आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली तरी त्या रोमन लिपीतच टंकावयाच्या असतात.)

अवशेष कसे निर्माण होतात?

लिनक्समधील सॉफ्टवेअर सहसा एकटे येत नाही. एका पॅकेजला दुसऱ्याची, दुसऱ्याला तिसऱ्याची गरज असते आणि 'एपीटी' हा पॅकेज व्यवस्थापक ही सर्व अवलंबने शोधून एकत्रितपणे बसवितो. त्याच वेळी तो एक नोंद ठेवतो. वापरकर्त्याने नाव घेऊन मागितलेले पॅकेज 'मॅन्युअल' ठरते, तर केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटी आलेल्या पॅकेजवर 'ऑटो' अशी खूण केली जाते. मुख्य सॉफ्टवेअर काढले तरी 'ऑटो' खुणेची पॅकेजेस जागच्या जागी राहतात. पुढे एपीटी चालविले असता 'ही पॅकेजेस आपोआप बसविली गेली होती व आता त्यांची गरज उरलेली नाही' अशा अर्थाची सूचना दिसू लागते.

गरज उरली नाही हे ठरते कसे? एपीटी सर्व 'मॅन्युअल' व प्रणालीस अत्यावश्यक पॅकेजेसपासून आरंभ करून अवलंबनांच्या साखळीने जेथवर पोहोचता येईल तेथवर जातो. या प्रवासात जी 'ऑटो' पॅकेजेस गाठली जात नाहीत, ती निराधार ठरतात. संगणकशास्त्राच्या अध्यापकांना येथे 'गार्बेज कलेक्शन'ची आठवण होईल. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसंबंधीच्या १९६० च्या शोधनिबंधात स्मृतीच्या पुनर्वापरासाठी मांडलेली कल्पना तत्त्वतः हीच आहे. दोन निराधार पॅकेजेस परस्परांवर अवलंबून असली तरी ती या पद्धतीत निसटत नाहीत, हा तिचा विशेष होय.

नोंदीची मर्यादा :

खरा प्रश्न येथेच उद्भवतो. एपीटीला ज्ञात असते ती केवळ त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतील गरज. प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष गरज त्याला ठाऊक नसते. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने पुरस्कारिलेले साईलॅब गणिताच्या प्रात्यक्षिकांसाठी भांडारातून बसविले गेले, असे समजू. त्याच्यासोबत जावाही आली. पुढे दुसऱ्या एका अध्यापकांनी माहिती-उत्खननाच्या प्रात्यक्षिकासाठी 'वेका'च्या जार-फाइलची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवली. वेका चालते जावावर, परंतु ते एपीटीमार्फत आलेले नसल्याने त्याचे अस्तित्व कोठेही नोंदलेले नाही. कालांतराने साईलॅब काढले गेले. अन्य कोणत्याही बसविलेल्या पॅकेजला जावाची आवश्यकता नसेल, तर 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा जावाला निराधार ठरवून काढून टाकते आणि वेका उघडेनासे होते. नियमानुसार आज्ञेचे काहीच चुकलेले नसते. परीक्षेच्या सकाळी मात्र हा युक्तिवाद कोणाचे समाधान करणार नाही.

यावरील उपाय सोपा असूनही दुर्लक्षित आहे. जे पॅकेज ठेवावयाचे आहे ते 'एपीटी-मार्क मॅन्युअल' या आज्ञेने हेतुपुरस्सर मागितलेले असल्याचे नोंदवावे. त्याआधी 'एपीटी-गेट'ला 'सिम्युलेट' हा पर्याय देऊन ऑटोरिमूव्हची केवळ रंगीत तालीम घ्यावी. त्यात काहीही न काढता फक्त यादी समोर येते. ही यादी वाचण्याचे काम संगणकावर सोपविता येत नाही. एकाच प्रतिमेवरून तयार केलेल्या वीस संगणकांसाठी ती एकदाच वाचली तरी चालेल, मात्र वीसही यंत्रांचा वापर समान आहे याची खात्री हवी.

उलट दिशेची चूकही तितकीच प्रचलित आहे. एखाद्या मार्गदर्शक टिपणातील दहा-पंधरा लायब्ररींची नावे जशीच्या तशी आज्ञेत उतरविली की त्या सर्व 'मॅन्युअल' ठरतात आणि मूळ सॉफ्टवेअर गेल्यानंतरही ऑटोरिमूव्हच्या यादीत कधीच येत नाहीत. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ही यादी पाहिल्यास असे अनेक जुने पाहुणे आढळतात. त्यांना 'एपीटी-मार्क ऑटो'ने पुन्हा आश्रित करता येते.

जागा, कर्नल व वीज :

केवळ डिस्कवरील जागेसाठी हा खटाटोप करणाऱ्यांची काहीशी निराशा होण्याचा संभव आहे. बहुतेक लायब्ररी आकाराने लहान असतात; उतरवून घेतलेल्या पॅकेज-फाइलींचा साठा 'एपीटी क्लीन'ने रिकामा केल्यास अनेकदा अधिक जागा मोकळी होते. अपवाद जुन्या कर्नलांचा. 'बूट' विभाग स्वतंत्र व लहान असेल, तर साचलेल्या कर्नलांनी तो भरतो आणि पुढील अद्ययावतीकरण अर्ध्यावर अडते. ऑटोरिमूव्ह सध्या चालू असलेले व अलीकडचे कर्नल राखून बाकीचे काढते, म्हणून या कामी ते विश्वासार्ह मानावे. 'रिमूव्ह'ने काढलेल्या पॅकेजच्या 'ईटीसी' विभागातील मांडणी-फाइली मात्र शिल्लक राहतात. त्या 'पर्ज'नेच जातात.

कोकणातील पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. काढण्याची क्रिया चालू असताना पुरवठा खंडित झाल्यास पॅकेजेसची नोंद अर्धवट अवस्थेत राहते आणि एपीटी पुढील काम नाकारते. अशा वेळी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर 'डीपीकेजी'ला 'कॉन्फिगर' व सर्वांसाठीचा 'ए' हे पर्याय देऊन खंडित काम प्रथम पूर्ण करावे, त्यानंतर 'एपीटी-गेट चेक'ने अवलंबने तपासावीत आणि मगच ऑटोरिमूव्हची यादी नव्याने मागवावी.