सुईचा दोष, यंत्रावर रोष

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एका स्नेह्यांचा निरोप आला कीं, सवड काढून घरीं येऊन जावें, ग्रामोफोनविषयीं कांहीं गाऱ्हाणें आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त त्यांस नवें टर्नटेबल, त्याच्या जोडीस प्रीअँप्लिफायर आणि दोन उत्तम स्पीकर असा सगळा सरंजाम घेऊन दिला होता. आम्ही गेलों. चहा झाला. स्नेह्यांनीं माळ्यावरून उतरविलेल्या पेटींतून वडिलांची एक जुनी तबकडी काढून मोठ्या हौसेनें लाविली. बालगंधर्वांचा स्वर आतां कानीं पडणार म्हणून आम्ही सावरून बसलों, तों कढईंत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला, आणि त्या तडतडीच्या पलीकडे, नदीच्या पैलतीरावर कोणी गात असावें, असा केवळ भास होऊं लागला.

"मास्तर, हा प्रीअँप बदलावाच लागणार," स्नेही हताश होऊन म्हणाले. "याच्या तिप्पट किंमतीचा एक मिळतो म्हणतात."

"खुशाल बदला," आम्ही म्हणालों, "पण त्यापूर्वीं सुई कोणती बसविली आहे, तें एकदां पाहूं द्या."

हल्लीं कित्येक घरांतून अशा पेट्या माळ्यावरून खालीं येत आहेत, आणि त्यांसाठीं हौसेनें यंत्रेंही घेतलीं जात आहेत. म्हणून ही हकीकत सविस्तर लिहिण्याचें योजिलें आहे. आम्ही कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हों. आयुष्य शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत गेलें. परंतु वडिलांच्या चाळीस तबकड्यांचा सांभाळ गेलीं कित्येक वर्षें आमच्याकडे आहे, आणि त्यांतील एक आम्ही स्वहस्तें नासविली आहे. तें पुढें येईल.

तबकडीवर जी खांच असते, तिच्या दोन भिंतींवर गाणें कोरलेलें असतें. तळाशीं ऐकण्यासारखें कांहींच नसतें. ही एक गोष्ट ध्यानांत धरिली म्हणजे पुढील बरेंचसें आपोआप उलगडतें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीची खांच रुंद. तीस लागणाऱ्या सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें तीन सहस्रांश इंच. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची, दीर्घकाळ वाजणारी तबकडी काढिली. तिची खांच सूक्ष्म, आणि सुईचें टोंक एक सहस्रांश इंच किंवा त्याहूनही लहान. आजच्या यंत्रांबरोबर येते ती ही बारीक सुई. ती जुन्या तबकडीवर ठेवणें म्हणजे बैलगाडीच्या चाकोरींतून सायकल हांकणें होय. चाक कडांना धड टेकत नाहीं, तळाच्या मातींतून हेलपाटत जातें. त्या तळाशीं साठसत्तर वर्षांची धूळ आणि पूर्वींच्या पोलादी सुयांचा चुरा सांचलेला असतो. पोलादी सुई एक बाजू वाजवून टाकून द्यावी असा दंडक होता. पण आमच्या घरीं एकच सुई चारचार बाजू ओढीत असे, आणि इतर काटकसरी घरांतही याहून निराळें घडत असेल असें वाटत नाहीं. स्नेह्यांच्या कढईंतील मोहरी ती हीच. याच्या उलट, जाड सुई बारीक खांचेच्या तबकडीवर मात्र चुकूनही ठेवूं नये. ती भिंती खरडीत जाते आणि ती हानि कायमची.

नेमक्या सुईवांचून तबकडी मुकी, हें ज्यांनीं पुरतें ओळखिलें, त्यांचें एक उदाहरण येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडिलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, आणि तींत गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तबकडीची गति मिनिटास १६⅔ फेरे. पाठविणारांनीं तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुई ठेविली, आणि ती कशी वाजवावी याच्या आकृत्या वेष्टनावर कोरून दिल्या. परग्रहावरील श्रोत्याच्या घरीं योग्य सुई असेलच, असें त्यांनीं गृहीत धरिलें नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं तें धरिलें.

आतां ज्याच्यावर एवढा रोष, त्या प्रीअँपकडे वळूं. आमच्यांतील संस्कृतच्या मास्तरास त्यास 'पूर्ववर्धक' म्हणावेंसें वाटतें. पण दुकानांत हा शब्द उच्चारून आम्ही एकदां फजीत झालों आहों. याचीं कामें दोन. पहिलें काम वाढविण्याचें. नेहमींच्या, चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजमधून विजेचा जो दाब निघतो तो अवघा चारपांच सहस्रांश व्होल्ट. तो सुमारें शंभरपट करावा लागतो. दुसऱ्या, वेटोळें हलणाऱ्या जातींत तो अर्ध्या सहस्रांशाहूनही कमी, म्हणून सुमारें हजारपट. बहुधा मागील बाजूस यासाठीं एक खटका असतो. तो चुकला कीं आवाज एक तर क्षीण येतो, नाहीं तर फाटतो, आणि नवा प्रीअँप आणण्याचे विचार सुरू होतात.

दुसरें काम अधिक नाजूक. खांच कोरतांना खर्जाचे ध्वनि मुद्दाम दाबितात, नाहीं तर खांच वळत वळत शेजारणीच्या अंगणांत शिरेल. आणि उंच ध्वनि मुद्दाम चढवितात, म्हणजे ते खरखरीच्या वर राहतात. वाजवितांना प्रीअँप ही उठाठेव नेमकी उलट करतो. अगदीं खालच्या आणि अगदीं वरच्या टोंकास हा फरक नऊदहा पटींचा असतो. याचें जें सर्वमान्य माप आहे, तें अमेरिकेंत १९५४ सालीं ठरलें. आपल्या पेटींतील बहुतेक तबकड्या त्यापूर्वींच्या! तेव्हां ज्या त्या कंपनीचें माप निराळें, आणि कित्येकांत उंच ध्वनि चढविलेलेच नसत. जें चढविलें नाहीं तेंही आजचा प्रीअँप इमानेंइतबारें उतरवितो, आणि गायक घोंगडी पांघरून गात असल्यासारखा वाटतो. अशा वेळीं अँप्लिफायरवरील उंच स्वरांची कळ थोडी वर करावी. ज्यांस पैसे खर्चावयाचेच आहेत त्यांनीं जुन्या तबकड्यांचीं निरनिराळीं मापें निवडतां येतील असा प्रीअँप पाहावा. आमच्या मतें अधिक किंमतीचें सार्थक येथेंच आहे. १९२५ पूर्वींचें मुद्रण कर्ण्यापुढें गाऊन झालेलें. गौहरजानांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास गाणीं दिलीं तीं याच रीतीचीं. तेथें विजेचें मापच नव्हतें. आपला कान हाच प्रमाण.

आणखी एक सोपा उपाय. जुन्या तबकडींत गाणें केवळ आडव्या हालचालींत असतें; वरखालीं हालते ती बव्हंशीं धूळ. 'मोनो'चें बटण दाबून डावी-उजवी बाजू एक केली कीं वरखालच्या हालचालीचा आवाज परस्पर नाहींसा होतो. स्नेह्यांच्या प्रीअँपवर तें बटण होतें. त्यास अद्याप कोणाचा हात लागला नव्हता.

त्या दिवशीं सुईशिवाय दोन दोष आणखी सांपडले. गाणें थांबलें असतांही मंद घुमणारा आवाज येत होता. टर्नटेबलावरून प्रीअँपच्या स्क्रूस जोडावयाची अर्थिंगची बारीक तार स्नेह्यांनीं 'जास्तीची' समजून गुंडाळून, रबर लावून नीट ठेविली होती. ती जोडतांच घूं नाहींसें झालें. दुसरें, टर्नटेबल जेथें ठेविलें तें टेबल एका अंगास कललेलें. गवंड्याची पाणसळ शेजारीं मिळाली, पायांखालीं पुठ्ठ्याच्या दोन घड्या घातल्या.

सुईच्या भाराविषयीं एक गैरसमज फार आहे. भार जितका कमी तितकी तबकडी सुखरूप, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. हलकी सुई खांचेंत उसळते आणि भिंतींवर आपटते. बारीक सुईस बहुधा दीड ते दोन ग्रॅम, जाड सुईस तीन ते पांच. निर्मात्याचें पत्रक सांगेल तो भार छोट्या काट्यावर मोजून द्यावा.

गतीची कसोटी गाण्याची आवड असलेल्या घरांत तरी व्हावयासच हवी. फेरे शेंकडा सहा कमी पडले कीं काळी एकमध्यें गाणारा गायक पांढरी एकमध्यें जाऊन बसतो. रेघांची कागदी चकती तबकडीवर ठेवून निऑन दिव्याखालीं पाहावी. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर ३३⅓ साठीं १८० आणि ७८ साठीं ७७ रेघांची चकती जागच्या जागीं उभी दिसली पाहिजे. एलईडी दिव्याखालीं हें बहुधा साधत नाहीं. कित्येक नव्या टर्नटेबलांस ७८ ची गति मुळींच नसते, तेव्हां घेण्यापूर्वींच विचारावें.

जाड सुई त्याच कार्ट्रिजमध्यें बसणारी मिळत होती, ती मागविली. ती येईपर्यंत तबकड्या पुसून ठेवाव्या म्हणून स्नेह्यांनीं सरंजामाबरोबर आलेली द्रवाची बाटली काढिली, तेव्हां मात्र आम्ही त्यांचा हात धरिला. आमची हकीकत ती हीच. अशाच एका बाटलींतील द्रवानें आम्ही मातोश्रींची आवडती तबकडी पुसली होती. द्रवांत स्पिरिट होतें. नव्या तबकड्यांस तें सहसा बाधत नाहीं. पण जुनी तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटांत विरघळते. आमच्या वडिलांच्या टेबलास पॉलिश करणारा कारागीर आमच्या डोळ्यांदेखत लाख स्पिरिटांतच भिजत घालीत असे! इतकें पाहून आमचा हात थांबला नाहीं. काळी चकचकीत तबकडी राखाडी झाली आणि गाणें गेलें. पुढें जुन्या बाजारांत तीच तबकडी मिळाली, आवाजही पहिलीहून स्वच्छ. परंतु आमच्या तबकडींत दुसऱ्या अंतऱ्यास एक टचका होता. मातोश्री तेथें हातांतलें निवडणें क्षणभर थांबवीत. अजून तें स्थळ आलें कीं आमचा कान थबकतो.

लाखेच्या तबकडीस शुद्ध केलेलें पाणी, त्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ फडकें पुरे. खांचेच्या दिशेनें पुसावें, मधला कागद भिजूं देऊं नये, लगेच कोरडें करावें.

तीन आठवड्यांनीं सुई आली. तीच तबकडी लाविली, मोनोचें बटण दाबिलें. खरखर होती, पण मोहरी नव्हती. स्वर खोलींत होता, सारंगी ऐकूं येत होती. तीन मिनिटांनीं बाजू संपली. स्नेही कांहीं वेळ बसून राहिले, मग आंतल्या दाराकडे वळून म्हणाले, "अहो, चहा राहूं द्या, आधीं इकडे या." आणि त्यांनीं तबकडी पुन्हां पहिल्यापासून लाविली.