पूर्णाकांठची म्हैस

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनीं पशूंचे ग्राम्य आणि आरण्य असे दोन वर्ग कल्पिले आहेत. रानांतले जनावर गोठ्यांत बांधिलें कीं तें ग्राम्य झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती बरोबर नव्हे. हत्तीचेंच उदाहरण घ्या. राजेरजवाडे शतकानुशतकें रानांतून हत्ती धरून आणीत व माहूत त्यांस शिकवीत. तो हत्ती माणसाळे खरा, पण स्वतःपुरताच. त्याच्या वंशाचा स्वभाव पालटला नाहीं. म्हशीचें तसें नाहीं. तिचें रेडकूं मनुष्याच्या सहवासास योग्य असा स्वभाव जन्मतःच घेऊन येतें. माणसाळणें हें एका आयुष्याचें काम. ग्राम्य होणें हें अनेक पिढ्यांचें.

हें घडतें कसें? मारक्या म्हशीस मालक बाजार दाखवितो आणि शांत, दुधाळ म्हशीची वगार घरीं ठेवितो. स्वभावाचा जो अंश रक्तांत, म्हणजे आजच्या भाषेंत जनुकांत असतो, तो अशा निवडीनें पिढीगणिक सांठत जातो.

सायबेरियांतील नोवोसिबिर्स्क येथें दिमित्री बेल्यायेव यांनीं १९५९ सालीं रुपेरी कोल्ह्यांवर हाच प्रयोग आरंभिला. १९८५ सालीं ते निवर्तल्यावर ल्युद्मिला त्रुत यांनीं तो पुढें चालविला. माणूस जवळ आला असतां जो कोल्हा कमी भितो व चावत नाहीं, त्याचीच प्रजा वाढवावयाची, एवढीच कसोटी. थोड्याच पिढ्यांत कोल्हे माणसास पाहून शेपटी हालवूं लागले. इतकेंच नव्हे, तर कित्येकांच्या अंगावर पांढरे ठिपके आले व कान लोंबूं लागले. हे कोल्हे कातड्याच्या व्यापारासाठीं आधींच पिंजऱ्यांत वाढविलेल्या कुळांतले होते. तेव्हां सर्वच बदलांचें श्रेय या प्रयोगास देतां येत नाहीं. तथापि स्वभाव वंशपरंपरेनें उतरतो, हें त्यानें स्पष्ट झालें.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. हिवरखेडच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णा नदी. या नदीच्या खोऱ्यांत मध्यम बांध्याची, भुऱ्या रंगाची म्हैस आढळते, तीच पूर्णाथडी. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ही जात कोणा राजानें वा सरकारानें घडविलेली नसून येथील गोठ्यांनीं घडविली आहे.

पण जो हात घडवितो, तोच मोडूंही शकतो. हरियाणाकडील मुऱ्हा म्हैस दूध अधिक देते, म्हणून प्रत्येक पिढीस मुऱ्ह्याचेंच बीज वापरिलें, तर काय होईल? पहिल्या पिढींत पूर्णाथडीचा अंश निम्मा, दुसरींत चतुर्थांश, आणि पांचवींत अवघा बत्तिसावा उरेल. म्हशीच्या हिशेबानें या पांच पिढ्या म्हणजे सुमारें २० ते २५ वर्षें; एका माणसाच्या डोळ्यांदेखत जात नाहींशी होईल.

मुऱ्हा पाळूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गांवांत पूर्णाथडीचा एक तरी निवडक हेला राखावा, आणि घरोघरीं दुधाची व वेताची नोंद ठेवावी. शिवाय, वगार विकण्यापूर्वीं तिच्या आईची धार काढणाऱ्या आजीबाईंस किंवा सूनबाईंस अवश्य विचारावें. कोणती म्हैस शांतपणें पान्हा सोडते आणि कोणती लाथ झाडते, हें घरांत त्यांच्याइतकें कोणासच ठाऊक नसतें.