घाटमाथ्यावरील खेकडे

कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीचा घाटमाथा आहे. पावसाच्या सरी कोसळू लागल्या, की गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर या भागांतील ओढे खळाळू लागतात आणि बिळांत, दगडांखाली वा जांभ्याच्या भेगांत दडलेले खेकडे बाहेर पडतात. आठ पायांचा, दोन नांग्यांचा हा तिरप्या चालीचा जीव आपल्या परिचयाचा आहे. परंतु त्याचे जीवन किती विलक्षण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

समुद्रातील खेकड्याची मादी असंख्य अंडी घालते. त्यांतून निघणारे सूक्ष्म जीव प्रवाहांबरोबर दूरवर वाहत जातात. गोड्या पाण्यातील खेकड्याची रीत निराळी. त्याची मादी थोडीच, पण मोठी अंडी घालते व ती आपल्या पोटाखाली जपते. त्यांतून थेट खेकड्याचीच इवली पिल्ले बाहेर येतात आणि काही काळ आईला बिलगून राहतात. त्यामुळे ही प्रजा दूर पसरत नाही. मध्ये डोंगर आडवा आला, की अलीकडचे खेकडे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे! दीर्घकाळ असे विभक्त राहिल्याने त्यांच्या निरनिराळ्या जाती झाल्या. सह्याद्रीतील कित्येक जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. २०१६ साली महाराष्ट्रातील सह्याद्रीतूनच पाच नव्या जातींची नोंद झाली.

परंतु हेच वेगळेपण त्यांच्या जिवावर बेतते. झरा आटला, जांभ्याचा सडा खणला गेला किंवा शेतातील कीटकनाशक ओढ्यात उतरले, तर तेथील खेकड्यांना दुसरे घर उरत नाही. जगातील सुमारे १२८० जातींची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत जवळजवळ निम्म्या जातींविषयी पुरेशी माहितीच नाही, असे आढळले. ज्याची ओळखच नाही, त्याचे नाहीसे होणे कोणाच्या ध्यानी येणार?

खेकडा शेताचा बांध पोखरतो, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. पण तोच ओढ्यातील कुजका पालापाचोळा खाऊन टाकतो आणि पाणमांजर, बगळा यांचे भक्ष्यही होतो.

दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांसाठी राखण्यात आले. गव्यांबरोबर तेथील ओढ्यांनाही आश्रय लाभला. रानाबाहेरचे ओढे मात्र आपल्याच हाती आहेत. खेकडे धरताना पोटाखाली अंडी वा पिल्ले असलेली मादी सापडल्यास तिला सोडून द्यावे. ओढ्यात विष कालवू नये. झऱ्याकाठची झाडे तोडू नयेत. लहानसा ओढा राखणे म्हणजे कदाचित एक संपूर्ण जात राखणे होय.