जुना, म्हातारा, मुरलेला : स्पॅनिश विशेषणांच्या अर्थछटा

स्पॅनिशमध्ये विशेषणाचा अर्थ तीन गोष्टींवर ठरतो. ते कोणत्या नामाला लागले आहे, त्याच्याबरोबर कोणते क्रियापद आले आहे आणि ते नामाच्या आधी आहे की नंतर. मराठी माणूस ही भाषा बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकतो. तिथे एकेका शब्दात अनेक अर्थ कोंबलेले असल्यामुळे स्पॅनिशमधले बारकावे नाहक अवघड वाटतात. तेच थेट मराठीतून पाहिले, तर पुष्कळसे घरचेच निघतात.

नाम पाहून विशेषण

जुनेपणा सांगणाऱ्या शब्दांत 'बिएहो' हा सर्वांत ऐसपैस. बूट, घर, कुत्रा, माणूस, कशालाही तो चालतो. म्हणजे 'जुना' आणि 'म्हातारा' या दोघांचे काम तो एकटा करतो. परक्या माणसाला तोंडावर 'बिएहो' म्हणणे उद्धटपणाचे ठरते, पण अर्जेंटिनात 'मी बिएहो' म्हणजे 'माझे वडील'. आपल्याकडे 'आमचा म्हातारा' म्हणताना असते तीच जवळीक त्यात असते. 'आन्सियानो' म्हणजे वृद्ध, तो प्रामुख्याने माणसांसाठी. 'मायोर' म्हणजे ज्येष्ठ, आणि 'ज्येष्ठ नागरिक' म्हणताना पाळला जातो तोच आदर इथेही असतो. 'आंतिग्वो' हा काळाचे अंतर दाखवतो, म्हणून तो देवळाला, हस्तलिखिताला, नाण्याला शोभतो.

खाण्यापिण्याच्या पदार्थांसाठी आणखी दोन शब्द आहेत. पिंपात मुरलेली रम किंवा बरेच दिवस ठेवून पिकवलेले चीज 'आन्येहो' असते, तर वास धरलेले तेल किंवा लोणी 'रान्सियो'. वेळ दोन्हीकडे गेलेला असतो. एक पदार्थ मुरतो, दुसरा खवट होतो. मुरलेले लोणचे आणि खवट शेंगदाणे यांत घोटाळा न करणाऱ्या मराठी जिभेला हा फरक शिकवावा लागत नाही.

उष्णतेचेही तसेच. हाताला चटका देणारे सूप 'कालिएन्ते', उकाड्याचा दिवस 'कालुरोसो', उबदार हवा किंवा मायेचा आवाज 'कालिदो' आणि तिखट चटणी 'पिकान्ते'. मेक्सिकोत तिखटाला 'पिकोसो' असेही म्हणतात. 'मला उकडतंय' हे सांगताना मात्र विशेषण वापरतच नाहीत. 'तेंगो कालोर', म्हणजे शब्दशः 'माझ्यापाशी उष्मा आहे', असे म्हणतात. तिथे 'एस्तोय कालिएन्ते' म्हटले तर कामवासनेचा अर्थ निघतो आणि बोलणारा अडचणीत येतो.

ठेंगण्या माणसाला 'बाहो', आखूड बाहीला 'कोर्तो' आणि थोडक्यात आटोपलेल्या भाषणाला 'ब्रेबे' म्हणतात. 'कोर्तो' वेळेलाही चालतो. माणसाला लावला, तर मात्र उंचीऐवजी बुद्धी तोकडी असल्याचे सूचित होते.

क्रियापद बदलले की अर्थ बदलतो

'असणे' सांगायला स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'सेर' वस्तूची ओळख सांगते, 'एस्तार' तिची स्थिती. 'स्थिती' हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. 'एस्तार' ज्या लॅटिन 'स्तारे'पासून, म्हणजे 'उभे राहणे' या क्रियापदापासून आले, ते आणि संस्कृत 'स्था' धातू एकाच मुळाचे आहेत. 'सेर'चे 'एस' हे रूप लॅटिन 'एस्त'पासून आले आणि त्याचे नाते 'अस्' धातूशी, म्हणजे मराठी 'असणे'शी पोचते.

'मारिया एस रिका' म्हणजे मारिया श्रीमंत आहे. 'ला सोपा एस्ता रिका' म्हणजे सूप चविष्ट झाले आहे. मराठीतही चव घेतल्यावर 'झाले आहे' हेच तोंडी येते. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. 'बेर्दे' म्हणजे हिरवा, पण केळ्यांबद्दल 'एस्तान बेर्देस' म्हटले की ती अजून कच्ची आहेत असे समजायचे. 'एस आबुर्रिदो' हा माणूस इतरांना कंटाळा आणतो, 'एस्ता आबुर्रिदो' हा स्वतः कंटाळलेला असतो. 'ओर्गुयोसो'ला 'सेर' जोडले की बहुधा गर्विष्ठ, 'एस्तार' जोडले की अभिमान वाटणारा.

कायमचे असेल तिथे 'सेर' आणि तात्पुरते असेल तिथे 'एस्तार', असा एक सोपा नियम पाठ करून घेतला जातो. तो फार दूर नेत नाही. मरणाइतके कायमचे काही नसते, तरी 'मेला आहे' याला 'एस्ता मुएर्तो' असेच म्हणतात. तारुण्य सरणारे, तरी 'तरुण आहे' याला 'एस होबेन'. मरण ही एका घटनेनंतरची अवस्था आहे, म्हणून 'एस्तार'. तरुण असणे हे त्या माणसाचे वर्णन, म्हणून 'सेर'. प्रश्न किती काळ टिकते हा नाही. ओळख सांगायची की अवस्था, हा आहे.

आधी की नंतर

मराठीत विशेषण सहसा नामाच्या आधी येते. स्पॅनिशमध्ये त्याची नेहमीची जागा नामानंतरची. तिथे ते अनेकांतून एकाला वेगळे काढते. नामाच्या आधी आले की त्यात बोलणाऱ्याची भावना किंवा मूल्यमापन मिसळते. 'ओंब्रे पोब्रे' हा पैशाने गरीब माणूस, 'पोब्रे ओंब्रे' हा बिचारा. 'ओंब्रे ग्रांदे' हा धिप्पाड, 'ग्रान ओंब्रे' हा थोर. नामाआधी एकवचनात 'ग्रांदे'चा 'ग्रान' होतो. 'कोचे नुएबो' म्हणजे कोरी गाडी. 'नुएबो कोचे' म्हणजे आधीच्या गाडीऐवजी घेतलेली दुसरी, मग ती वापरलेली का असेना. 'आमिगो बिएहो' हा वयाने म्हातारा मित्र, तर 'बिएहो आमिगो' हा जुना मित्र, वयाने पंचविशीतलाही असू शकतो. मराठी जिथे शब्दच बदलते, तिथे स्पॅनिश फक्त जागा बदलते.

दोन शहरांची नावे पाहिली की हा फरक स्पष्ट दिसतो. नामे स्त्रीलिंगी असल्याने विशेषणेही 'आकारान्त' होतात. हवानाच्या जुन्या भागाला 'ला आबाना बिएहा' म्हणतात. विशेषण नामानंतर आहे, त्यामुळे शहराचा जुना भाग नव्या भागापासून वेगळा निघतो. ग्वातेमालाची राजधानी 1773 च्या भूकंपांत उद्ध्वस्त झाली आणि 1776 मध्ये नव्या जागी हलवण्यात आली. मागे राहिलेल्या शहराला 'ला आंतिग्वा ग्वातेमाला' हे नाव पडले. इथे विशेषण नामाच्या आधी आहे आणि त्याचा रोख शहराच्या वयाकडे नाही. 'पूर्वीची ग्वातेमाला', म्हणजे एके काळची राजधानी, असा त्या नावाचा अर्थ आहे.