लोणारचे क्षारसरोवर व त्याभोवतीचे वन

पाणथळ जागेचे रक्षण म्हणजे तिच्यातील पाणी टिकवून धरणे, अशी आपली सामान्य समजूत असते. तळे आटले की आपण हळहळतो आणि भरले की निश्चिंत होतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे गोड्या पाण्याची वाढ हीच चिंतेची बाब ठरू शकते. असे का व्हावे हे समजण्यासाठी त्या पाण्यातील क्षार कोठून आला, हे प्रथम पाहिले पाहिजे.

लोणारचे विवर दख्खनच्या काळ्या कातळात एका अशनीच्या आघाताने निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर आहे. पूर्वी ते ज्वालामुखीचे मुख मानले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तेथील खडकांमध्ये मॅस्केलिनाइट आढळल्याचे दाखविण्यात आले. हा काचसदृश पदार्थ प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होत असल्याने तो वाद बहुतांशी मिटला. घटनेच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ती सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीची ठरते, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, या वाटोळ्या खळग्यात पाण्याला आत येण्याच्या वाटा आहेत, परंतु बाहेर वाहून जाण्यास ओढा नाही.

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी कातळातून झिरपताना त्यातील खनिजांचे हळूहळू विघटन करते व सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी द्रव्ये विरघळवून खाली आणते. ओढा असता तर ही द्रव्ये नदीवाटे समुद्रास मिळाली असती. येथे ती सरोवरात अडकतात. उन्हाने पाण्याची वाफ होते, पण क्षाराची होत नाही. पाणी दाट होऊ लागले की कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट प्रथम तळाशी बसतात. सोडियमचे कार्बोनेट पाण्यात सहज विरघळणारे असल्याने तेवढे मागे राहते व वर्षानुवर्षे साचत जाते. गृहिणी पापडाच्या पिठात जो पापडखार घालतात, त्याच्याच जातीचा हा क्षार होय. त्याच्या जोडीला साधे मीठही आहे. या पाण्याचा पीएच सामान्यतः १० च्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा तो ७ असतो आणि या मापातील प्रत्येक अंक दहापटीचा फरक दर्शवितो, हे ध्यानात घेतले म्हणजे लोणारच्या पाण्याची तीव्रता कळून येईल. या क्षाराची ख्याती फार जुनी आहे. काच व साबण बनविण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथातही आहे.

अशा रीतीने सरोवराची क्षारता म्हणजे एक चालू हिशेब आहे: एका बाजूस पाऊस व झरे, दुसऱ्या बाजूस बाष्पीभवन. हा हिशेब एका बाजूस झुकला की काय होते, हे जून २०२० मध्ये सर्वांना दिसले. उन्हाळ्यात पाणी बरेच उतरले, क्षारता वाढली आणि सरोवर एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले असता क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे आढळले. पावसाने पाणी सौम्य झाल्यावर रंगही ओसरला. त्याआधी २००६ मध्ये तर सरोवर बरेचसे आटले होते. अलीकडे उलट घडले आहे. पाणी चढत काठावरील कमळजादेवीच्या देवळाशी येऊन भिडले.

या पाण्यात जगू शकणाऱ्या जीवजाती थोड्या, पण जगतात त्या अमाप संख्येने. पाण्याला हिरवी छटा देणारी नीलहरित शैवले ही त्यांतली मुख्य. क्षारता कमी झाली तर येथे जीवसृष्टी वाढेल, असे कोणी म्हणेल. आणि ते खोटेही नाही. परंतु जी येईल ती कोणत्याही गावतळ्यात सापडणारी असेल, आणि जी जाईल ती दुसरीकडे सहसा सापडणारी नाही. काठावरच्या उथळ चिखलात शेकाट्या लांब पायांनी फिरताना दिसतात. हिवाळ्यात चक्रवाक येतात.

सरोवराभोवतीचे वनही याच व्यवस्थेचा भाग आहे. विवराच्या उतारांवर साग, कडुनिंब, चिंच, बाभूळ, बोर, सीताफळ अशी झाडेझुडपे आहेत व त्यांत मोर, वानरे, घोरपडी यांचा वास आहे. खाली पाण्याजवळ क्षाराने पांढरटलेल्या मातीचा जवळजवळ उघडा पट्टा लागतो. उतारावरची मुळे माती धरून ठेवतात. ती नसती तर पावसाळ्यात सारा गाळ थेट सरोवरात उतरला असता. सर्वच झाडी मात्र हितकारक नव्हे. मूळची अमेरिकेतील वेडी बाभूळ येथे माजली असून ती इतर रोपांस वाढू देत नाही. वनखात्याने ती काढण्याचे काम हाती घेतले आहे. मात्र नुसते तोडून भागत नाही, खोडापासून ती पुन्हा फुटते.

२००० साली सुमारे ३.६५ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला, व २०२० मध्ये सरोवराचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळांत समावेश झाला. तथापि अभयारण्याची सीमा विवराच्या काठाशी संपते. पाण्याची तेथे संपत नाही. लोणार गाव अगदी काठावर वसले आहे. गावाचे सांडपाणी उताराने आत आले, तर त्याबरोबर गोडे पाणी येतेच, शिवाय नत्र व स्फुरद ही शैवलांची खतेही येतात. पूर्वी विवराच्या आतील उतारावर केळीच्या बागा व शेते होती; त्यांचीही खते अखेर खालीच जात.

बारमाही वाहणाऱ्या धारेचे पाणी हा याहून नाजूक प्रश्न आहे. ती नैसर्गिक आहे, तीर्थ म्हणून पूज्य आहे, आणि तिच्यावाचून सरोवर उन्हाळ्यात टिकणारही नाही. तेव्हा ती अडविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सांडपाणी मात्र वळविता येते, शुद्ध करता येते. झरे दर महिन्यास किती पाणी आणतात, पातळी किती हलते व क्षारता किती उतरते, यांची मोजदाद सलग ठेवणेही शक्य आहे. एकाच वर्षाच्या मापावरून येथे काही ठरविता येत नाही. कारण जे सरोवर एका उन्हाळ्यात आटते, तेच काही पावसाळ्यांनंतर देवळाच्या पायऱ्या चढते.