गप्प बसवलेले जनुक

आपल्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात सिकलसेल हा शब्द नवा नाही. मूल गुटगुटीत जन्मते. पाच-सहा महिन्यांनी हातापायांची बोटे सुजतात, रडे थांबत नाही आणि घरात नजर लागल्याची चर्चा सुरू होते. आजार जन्माचाच, मग इतके दिवस तो होता कुठे?

सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिनच्या बीटा जनुकात असतो. गर्भात मात्र त्याच्या जागी गॅमा जनुक काम करते. जन्मानंतर बीटा जोर धरते आणि गॅमा गप्प होते. ते बिघडत नाही, त्याला गप्प बसवले जाते. तान्ह्या बाळाला गर्भातले हिमोग्लोबिन सांभाळते, हे अमेरिकेतील डॉ. जेनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच सुचवले होते. गप्प बसवणारा कोण, हे कळायला २००८ उजाडले. ते बीसीएल-११ए नावाचे प्रथिन.

गॅमा चालू व्हायचे तर एनएफ-वाय हे चालक प्रथिन त्याच्या दाराशी ठरल्या जागी बसावे लागते. बीसीएल-११ए अगदी शेजारची जागा धरते. नागपूरच्या बसमध्ये शेजारचा गडी कोपरे पसरून बसला की आपली सीट रिकामी असूनही टेकता येत नाही, तसेच. चालक पेशीत हजर आहे, धडधाकट आहे, पण जागेवर पोहोचत नाही. अशा अडवणाऱ्या प्रथिनाला रिप्रेसर म्हणतात. तुमच्या-माझ्या शरीरातही तो हेच करतो. आपले बीटा चांगले, म्हणून काही बिघडत नाही.

गंमत अशी की रक्तपेशीत या रिप्रेसरला बळ देणारे आणखी एक चालक प्रथिन आहे, गाटा-१. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने मान्य केलेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून त्यांतली गाटा-१ ची बैठक कापतात. रिप्रेसर घटतो, गॅमा पुन्हा जागे होते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर!

आपल्या हाताशी आहे ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. तीही अनेकांत गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. अधूनमधून रक्त तपासत घ्यावी लागते. माझ्या गोड गोळ्यांनी जनुक बदलत नाही, हे होमिओपॅथ असूनही मी घरच्यांना स्पष्ट सांगतो.

'हा त्यांच्या वस्तीचा आजार' असे म्हणणारे आपल्यात आहेत. आदिवासी आणि दलित वस्त्यांत प्रमाण जास्त, हे खरे. पण वाहक शेतकरी घरांतही सापडतात, आणि वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्यांची तपासणी होते. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर दर गर्भारपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची असते. पत्रिका जुळवताना आपण हा कागद मागतो का?