घरगुती सर्व्हर : डिस्कमांडणी व फाइल प्रणाली

घरातील संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच इत्यादींना लागणाऱ्या फाइली एका ठिकाणी साठवून त्या जाळ्यामार्फत पुरविणारा आणि बहुधा अहोरात्र चालू राहणारा संगणक म्हणजे घरगुती सर्व्हर होय. अशा सर्व्हरमध्ये किती व कोणत्या प्रकारच्या डिस्क असाव्यात, त्यांवरील जागा कशी विभागावी, कोणत्या डिस्क परस्परांशी जोडाव्यात व त्यांवर कोणती फाइल प्रणाली वापरावी, हे आगाऊ ठरविणे म्हणजे डिस्कमांडणीचे नियोजन. सर्व्हरचा प्रक्रियक किंवा स्मृती पुढे केव्हाही बदलता येते. मात्र डिस्कवर एकदा माहिती साठली की, मांडणीतील बहुतेक बदलांसाठी ती सर्व अन्यत्र हलवून परत आणावी लागते. तेवढी मोकळी जागा त्या वेळी क्वचितच हाताशी असते. म्हणून या बाबतीत पहिला निर्णय अखेरपर्यंत सोबत राहतो.

पूर्वी कुटुंबाची छायाचित्रे अल्बममध्ये व कागदपत्रे लोखंडी पेटीत असत. छायाचित्र फाटले तरी निगेटिव्ह शिल्लक राही. आज यांपैकी पुष्कळ गोष्टी केवळ फाइलींच्या रूपातच अस्तित्वात असतात. त्यामुळे नियोजनाचा आरंभ यंत्रसामग्रीच्या यादीपासून न करता साठवावयाच्या माहितीपासून करणे इष्ट ठरते. पुन्हा कधीच मिळणार नाही अशी माहिती (छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, दस्तऐवज, पत्रव्यवहार), खटपट करून पुन्हा मिळविता येईल अशी माहिती (चित्रपट, संगीत, आज्ञावल्या) आणि नष्ट झाली तरी चालेल अशी तात्पुरती माहिती, असे तिचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. जागा सर्वांत जास्त व्यापतो तो बहुधा दुसरा वर्ग. पहिला वर्ग अनेक घरांत एक टेराबाइटपेक्षाही कमी भरतो. पण खर्च व काळजी यांचा मोठा वाटा त्यालाच मिळावयास हवा. प्रत्यक्षात याच्या उलट घडताना दिसते.

डिस्कचे प्रकार : आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या चुंबकीय डिस्क संचात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आजच्या हार्ड डिस्कची क्षमता काही लक्ष पटींनी वाढली असली, तरी फिरती चुंबकीय तबकडी व तिच्यावरून सरकणारे शीर्ष हे तत्त्व तेच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस अर्ध्या फेऱ्यासाठी सु. ४ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्याचा काळ निराळाच. त्यामुळे सलग वाचन वेगाने होते, पण विखुरलेल्या लहान फाइली वाचण्याचे काम रेंगाळते. घन-अवस्था डिस्कमध्ये (एसएसडी) हलणारा भाग नसल्याने हा विलंब नगण्य असतो; मात्र तिच्यावर एकूण किती लेखन करता येईल यास मर्यादा असते. म्हणून परिचालन प्रणाली व माहितीकोश लहान घन-अवस्था डिस्कवर आणि मोठा साठा हार्ड डिस्कवर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. ही विभागणी आणखी एका कारणाने सोयीची आहे : परिचालन प्रणाली बिघडली, तर साठ्याला हात न लावता ती नव्याने बसविता येते.

हार्ड डिस्क विकत घेताना एक भेद जाणून घेणे अगत्याचे आहे. काही डिस्कवरील लेखनमार्ग छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढविलेले असतात. यामुळे तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते; पण एक कौल बदलताना जशी शेजारची कौले उचलावी लागतात, तसे एका मार्गावर पुन्हा लिहिताना लगतचा संपूर्ण पट्टा नव्याने लिहावा लागतो. क्वचित बदलणाऱ्या साठ्यास अशी डिस्क चालते. अनेक डिस्कांच्या संचात मात्र ती अडचणीची ठरते, कारण बिघडलेल्या डिस्कच्या जागी बसविल्यावर तिच्यावर तासन्‌तास अखंड लेखन करावे लागते व तिचा वेग कोसळतो. संचासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कसुद्धा याच प्रकारच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर उत्पादकांनी कोणत्या डिस्क या प्रकारच्या आहेत याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. खरेदीपूर्वी त्या पाहाव्यात.

जागेची विभागणी : उत्पादक एक टेराबाइट म्हणजे १० चा बारावा घात इतके बाइट धरतात, तर अनेक परिचालन प्रणाली २ च्या चाळिसाव्या घाताने मोजतात, म्हणून ४ टेराबाइटची डिस्क सु. ३·६४ इतकीच दिसते. यात फसवणूक नाही. पण जागेचा हिशेब करताना ही तूट धरावी लागते. विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत (एमबीआर) ३२ बिटांचे क्रमांक वापरले जात. ५१२ बाइटांच्या खंडांच्या हिशेबाने ती सु. २·२ टेराबाइटपलीकडे पोहोचत नाही. जीपीटी ही नवी पद्धत या मर्यादेतून मुक्त असून ती नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते. नव्या सर्व्हरसाठी तीच वापरावी. आधुनिक डिस्कांतील प्रत्यक्ष खंड ४,०९६ बाइटांचे असतात. विभागाची सुरुवात या खंडांच्या सीमेशी जुळली नाही, तर प्रत्येक लहान लेखनासाठी दोन खंडांना हात लावावा लागतो. आजची विभागणी साधने ही जुळणी आपोआप करतात.

डिस्कांचे संच : अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एक मोठी व विश्वसनीय डिस्क भासविण्याच्या पद्धतीस रेड असे म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिचे १ ते ५ असे प्रकार वर्णिले होते. ० व ६ हे प्रकार नंतर प्रचारात आले. प्रकार १ मध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते. प्रकार ५ मध्ये दुसऱ्या प्रतीऐवजी समतेचा बिट ठेवतात. समजा, तीन डिस्कवर अनुक्रमे १, ०, १ हे बिट आहेत. एकांची संख्या सम असल्याने चौथ्या डिस्कवर ० लिहितात. पहिली डिस्क बिघडली, तर उरलेल्या ०, १, ० यांवरून तिच्यावर १ होता असे निश्चित होते. अशा रीतीने चार डिस्कांपैकी केवळ एकीची जागा खर्ची पडते. प्रकार ६ मध्ये दुहेरी समता असल्याने कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचते.

प्रकार ५ कागदावर आकर्षक वाटतो. परंतु मोठ्या डिस्कांच्या बाबतीत त्याची बाजू लंगडी पडते. सेकंदास २०० मेगाबाइट या वेगाने १६ टेराबाइटची डिस्क पुन्हा भरण्यास २२ तासांहून अधिक काळ लागतो. सर्व्हर इतर कामात असल्यास हा काळ वाढतो. या काळात उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या बहुधा एकाच वेळी विकत घेतलेल्या म्हणजे सारख्याच वयाच्या असतात. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १० च्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक वाचनदोष अशी मर्यादा दिलेली असते. हे प्रमाण १२·५ टेराबाइटमागे एक असे होते. प्रत्यक्षात डिस्क याहून पुष्कळ चांगल्या चालतात, तरी एकेरी समतेवर विसंबताना हा आकडा दृष्टीआड करू नये. चार डिस्कांचा संच करावयाचा असल्यास दोन जोड्या किंवा दुहेरी समता हे पर्याय उरतात. दोहोंत जागा निम्मीच मिळते. दुहेरी समता कोणत्याही दोन डिस्कांचा बिघाड सोसते, तर दोन जोड्यांत दोन डिस्क जाण्याच्या सहा शक्यतांपैकी चारच निभावतात. उलट जोडीची पुनर्रचना करताना एकच डिस्क वाचावी लागते आणि क्षमता दोन-दोन डिस्कांनी वाढविता येते. घरासाठी हा साधेपणा मोलाचा आहे.

रेड ही राखीव प्रत नव्हे, हे पुरेशा आग्रहाने सांगितले जात नाही. संचामुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते, एवढेच त्याचे कार्य. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर आज्ञावली, विजेचा दाब, चोरी, आग व पूर यांचा तडाखाही संपूर्ण संचाला बसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. अशा वेळी तळमजल्यावरील एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती या वस्तुतः एकच प्रत असतात. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत घराबाहेर, हा अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम याच विचारावर आधारला आहे. राखीव प्रतीतून फाइली खरोखर परत मिळतात की नाही, हेही अधूनमधून पाहावे लागते. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत एका चुकीच्या आज्ञेमुळे टॉय स्टोरी २ या चित्रपटाचा मोठा भाग पुसला गेला आणि राखीव प्रती सदोष असल्याचे तेव्हाच ध्यानी आले. गॅलिन सुसमन या तंत्रनिर्देशिका घरून काम करीत असल्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. तिच्यावरून चित्रपटाचे काम पुढे चालू शकले.

यावरून चार डिस्क घेण्याची ऐपत असलेल्या कुटुंबाने त्या कशा वाटाव्यात याचे उत्तर मिळते. चारही एका संचात गुंतविल्यास जागा अधिक मिळते, पण प्रत एकच राहते. त्याऐवजी दोन डिस्कांची जोडी सर्व्हरमध्ये आणि उरलेल्या दोन आळीपाळीने राखीव प्रतीसाठी वापरून त्यांतील एक नेहमी नातेवाइकांच्या घरी ठेवली, तर ४ टेराबाइटच्या डिस्कांनी ४ टेराबाइटच जागा मिळते. मात्र आग व पूर यांतूनही माहिती वाचते. पहिल्या वर्गाच्या माहितीस ही जागा सामान्यतः पुरते. चित्रपटांचा साठा स्वतंत्र एकेरी डिस्कवर ठेवण्यास हरकत नाही. तो गेला तर हळहळ वाटेल, एवढेच.

फाइल प्रणाली : डिस्कवरील कोणते खंड कोणत्या फाइलीचे, तिचे नाव, मालक व दिनांक कोणता, याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल प्रणाली. लेखन चालू असताना वीज गेल्यास ही नोंद अर्धवट राहण्याचा संभव असतो. करावयाचे बदल आधी एका रोजनाम्यात टिपून मग मूळ नोंदीत उतरविण्याच्या पद्धतीने हा धोका बराच कमी झाला. लिनक्सवरील ईएक्सटी ४ (स्थिर स्वरूपात २००८) व सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची एक्सएफएस (लिनक्सवर २००१ पासून) या रोजनामा ठेवणाऱ्या प्रणाली असून त्या साध्या, वेगवान व भरवशाच्या आहेत. एक्सएफएसचा विभाग वाढविता येतो, पण लहान करणे व्यवहारतः शक्य नसते.

रोजनाम्याने नोंद सुरक्षित राहते. फाइलीतील मजकुराची ग्वाही मिळत नाही. डिस्क, केबल किंवा नियंत्रक यांतील दोषामुळे एखादा बिट पालटला, तर वरील प्रणालींना मजकुरातील हा बदल कळत नाही. बिघडलेले छायाचित्र पुढे राखीव प्रतीतही जाते व चांगल्या प्रतीची जागा घेते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स व त्यांचे सहकारी यांनी २००१ पासून विकसित केलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या झेडएफएस प्रणालीत प्रत्येक खंडाबरोबर त्याचा पडताळा-अंक वेगळ्या जागी ठेवला जातो. वाचताना अंक जुळला नाही आणि जोडडिस्क उपलब्ध असली, तर चांगली प्रत देऊन बिघडलेली दुरुस्त केली जाते. महिन्यातून एकदा संपूर्ण साठ्याची अशी तपासणी करण्याचा प्रघात आहे. जुन्या मजकुरावर न लिहिता नेहमी नव्या जागी लिहिले जात असल्याने एखाद्या क्षणाची संपूर्ण स्थिती अल्प जागेत गोठवून ठेवता येते. चुकून पुसलेली फाइल अशा गोठविलेल्या स्थितीतून परत मिळते. झेडएफएसमध्ये साठा सु. ८० टक्क्यांहून अधिक भरू न देणे चांगले. समतेच्या संचात एकेक डिस्क वाढविण्याची सोय तिच्यात २०२५ मध्ये, ओपनझेडएफएसच्या २·३ या आवृत्तीने आली. त्यापूर्वी आरंभीची मांडणी हीच कायमची असे. परवान्यातील विसंगतीमुळे ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट नाही व वेगळी बसवावी लागते.

ख्रिस मेसन यांनी ओरॅकल कंपनीत २००७ मध्ये आरंभिलेली बीटीआरएफएस ही लिनक्सच्या गाभ्यात असून तिच्यातही पडताळा व गोठविलेल्या स्थिती यांची सोय आहे. असमान आकाराच्या डिस्क ती सहज जोडते. तिच्या प्रकार ५ व ६ च्या संचांची शिफारस मात्र खुद्द विकासकही करीत नाहीत. जोडीपुरती ती वापरावी.

कोणतीही प्रणाली निवडली, तरी अखंड विद्युत् पुरवठ्याचे साधन आवश्यक आहे. साध्या इन्व्हर्टरला वीज गेल्यावर भार घेण्यास लागणारा क्षणही सर्व्हर बंद पडण्यास पुरेसा होऊ शकतो. बॅटरी संपत आल्याची सूचना सर्व्हरला देऊन तो रीतसर बंद करविणारे साधन घ्यावे. डिस्कमधील स्व-निदानाच्या नोंदींवर लक्ष ठेवावे, पण विसंबू नये : गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या पाहणीवरून २००७ मध्ये दाखविले की, बंद पडलेल्या डिस्कांपैकी मोठ्या भागाने या नोंदींद्वारे कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. घराबाहेर ठेवावयाची डिस्क कूटबद्ध करावी. मात्र तिची किल्ली घरातील दुसऱ्या व्यक्तीसही ठाऊक असावी, नाहीतर मालकाच्या पश्चात ती प्रत असून नसल्यासारखी होते.

लिनक्समध्ये डिस्कांना मिळणारी एसडीए, एसडीबी ही नावे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून संच बांधताना डिस्कच्या अनुक्रमांकावर आधारलेली स्थिर नावे वापरावीत आणि तो अनुक्रमांक डिस्कच्या बाहेरून दिसणाऱ्या कडेवर चिठ्ठी लावून लिहावा. जोडीतील बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क उपसून काढल्यामुळे होणारे नुकसान या चिठ्ठीने टळते.